'काही लागलं तर सांग' म्हणणाऱ्या आपल्या सगळ्यांना

आपल्या सगळ्या नातेवाइकांना, मित्रांना, शेजाऱ्यांना आणि दोघांच्याही ऑफिसमधल्या मंडळींना,

परवा रात्री माझ्या धाकट्या चुलतभावाचा मेसेज तुम्ही सगळ्यांनी वाचला असेलच. त्याच्या बायकोला २६ वा आठवडा, पाणी जायला लागलं म्हणून धावत हॉस्पिटल गाठलं, तिथेच ॲडमिट करून घेतलं, आणि आता डॉक्टर म्हणतायत की बाळ पोटात राहील तो प्रत्येक दिवस कमाईचा, सगळं नीट राहिलं तर ३४ आठवड्यांपर्यंत थांबू, तोपर्यंत घरी सोडणार नाही. त्या मेसेजखाली तासाभरात ६० च्या वर रिप्लाय आले. जोडलेले हात, हार्ट, आणि जवळजवळ प्रत्येकात तेच वाक्य, काही लागलं तर सांग.

मीही तेच टाइप केलं होतं. पाठवायच्या आधी पुसलं, कारण ३ वर्षांपूर्वी त्या वाक्याच्या दुसऱ्या टोकाला मी होतो आणि ते वाक्य रात्री ११ वाजता हॉस्पिटलच्या जिन्यात बसून वाचताना काय वाटतं ते मला माहितीय. म्हणून हे लांबलचक लिहितोय. दोघांना आधी विचारलंय, ते हो म्हणालेत.

आमचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बायकोची वार, म्हणजे पोटात बाळाला पोसणारा अवयव, खाली होती, गर्भपिशवीच्या तोंडावरच, डॉक्टरी भाषेत प्लासेंटा प्रिव्हिया. साधारण २०० बाळंतपणांत एखादीला असं होतं, आधीचं सिझेरियन असेल तर शक्यता थोडी वाढते आणि तिचं पहिलं सिझेरियनच होतं, त्यामुळे वार जुन्या टाक्यांच्या जागी चिकटून बसली असेल का ही आणखी एक भीती. २७ आठवडे ३ दिवस झाले होते तेव्हा पहाटे उठली तर अंथरूण लाल. दुखलं नाही, खुपलं नाही, काही नाही. तिथून पुढे ४७ दिवस ती हॉस्पिटलमध्ये होती, त्यात आणखी दोनदा रक्त गेलं, आणि ३४ आठवडे १ दिवस झाला त्या रात्री इतकं गेलं की वीस मिनिटांत ऑपरेशन थिएटरमध्ये नेली. मग बाळ १९ दिवस एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात. एकूण ६६ दिवस. घरी ४ वर्षांची मुलगी. आज चौघं बरे आहोत.

त्या ६६ दिवसांत मला किती जणांनी काही लागलं तर सांग म्हटलं ते मोजलं नाही, पण मी किती वेळा सांगितलं ते पक्कं आठवतंय. दोनदा. एकदा रक्तासाठी आणि एकदा मुलीला ताप आला तेव्हा. लागत मात्र सारखं काहीतरी होतं, रोज. कपडे धुवून हवे होते, मुलीला शाळेतून आणायला माणूस हवा होता, लाइटचं बिल भरायचं राहिलं होतं, घरी पाण्याचा नळ गळत होता, मला सलग चार तास झोप हवी होती. पण सांगायचं म्हणजे आधी मी विचार करायचा की नक्की काय लागतंय, मग कोणाला सांगायचं, तो कुठे राहतो, त्याला ऑफिस आहे का, गेल्या आठवड्यात त्यालाच सांगितलं होतं का, तो नाही म्हणाला तर दोघांनाही अवघड होईल का. एवढं सगळं डोक्यात घोळवायचं त्यापेक्षा आपणच करून टाकू असं वाटतं आणि आपणच करत राहतो. तुमच्या मनात मदतच असते हो, त्याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आत्ताही नाही. पण 'सांग' म्हटलं की काम ओळखायचं, वाटायचं, आठवण करायची हे सगळं त्याच्याच डोक्यावर राहतं जो आधीच उभ्या उभ्या झोपतोय.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे गर्दीची वेळ. पहिल्या पाच दिवसांत आमच्याकडे इतके लोक आले की सिस्टरनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता पुरे. चौथ्या आठवड्यात एकही नाही. मी कोणाला दोष देत नाहीये, मीही दुसऱ्यांच्या बाबतीत हेच केलंय, बातमी ताजी असते तेव्हा पाय आपोआप वळतात आणि मग ती आपल्यासाठी जुनी होते. पण त्या कॉटवर झोपलेल्या बाईसाठी चौथा आठवडा पहिल्यापेक्षा जड असतो. पहिल्या आठवड्यात भीती असते, भीतीत माणूस टिकून राहतो. चौथ्या आठवड्यात तेच छत, तीच खिडकी, दिवसातून तीनदा बीपी, तेच पोटावर पट्टे बांधून बाळाचे ठोके ऐकणं, हातात सलाईनची सुई कायम कारण कधी गरज पडेल सांगता येत नाही. आणि दर तीन दिवसांनी नव्याने रक्ताचं सॅम्पल, कारण तिच्यासाठी राखून ठेवायच्या रक्ताची जुळणी तेवढेच दिवस चालते. तिच्या दोन्ही हातांवर टोचायला जागा राहिली नव्हती. त्याच आठवड्यात ती मला म्हणाली, बाहेर सगळे मला विसरले असतील ना. मी नाही म्हटलं. खोटं बोललो.

म्हणून आता हिशोब नीट समजून घ्या. तुम्ही सगळे आठ आठवड्यांचा हिशोब धरताय, २६ ते ३४. तसं होवो. पण पाणी लवकर गेलं की बऱ्याच जणींना आठवडाभरातच कळा सुरू होतात, इन्फेक्शनची चिन्हं दिसली तर डॉक्टरच थांबत नाहीत, म्हणूनच तिचा ताप, नाडी, रक्त सारखं तपासतायत आणि अँटिबायोटिक चालूय. आणि बाळ लवकर आलं तर मुक्काम संपत नाही, तो फक्त वॉर्डातून एनआयसीयूत हलतो. इतकी लवकर आलेली बाळं साधारण मूळ तारखेच्या आसपास घरी जातात, कधी थोडी आधी, कधी नंतर. म्हणजे बाळ कधीही आलं तरी ४० आठवड्यांपर्यंतचा काळ धरून चाला. १४ आठवडे. सव्वातीन महिने झाले की हे. सव्वातीन महिने पुरेल अशी मदत हवी, पहिल्या शनिवारी संपून जाईल अशी नको.

आता कोणाचं काय उपयोगी पडलं ते सांगतो, नावं घेत नाही, त्यांना आवडणार नाही.

बायकोच्या ऑफिसमधली एक जण दर बुधवारी चार वाजता यायची. आमची तिची फार ओळख नव्हती, बायकोचीही कामापुरतीच. पहिल्या बुधवारी आली आणि म्हणाली मी दर बुधवारी चार ते सहा येणार, तुम्ही त्या वेळात घरी जाऊन झोपा, फोन माझ्याकडे असेल. विचारलं नाही, सांगितलं. दुसऱ्या बुधवारी तिने सिस्टरना विचारून बायकोचे केस धुतले. कॉटच्या कडेला प्लास्टिकचा कागद, खाली बादली, एका हाताने मान धरलेली आणि दुसऱ्या हाताने मग. बायकोने १६ दिवस केस धुतले नव्हते. मी सहा वाजता परत आलो तर ती खिडकीकडे तोंड करून ओले केस सोडून बसली होती आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर पेशंटपण दिसलं नाही. हे मला सुचलं नव्हतं, रोज तिथे असून. मला काही लागलं तर सांग म्हणून विचारलं असतं तर मी केस धुवायला या असं कधी तरी सांगितलं असतं का? सहाच्या सहा बुधवार ती आली. डिलिव्हरीनंतरही तीन आली. बायको दिवस बुधवारांनी मोजायला लागली होती. ऐकायला विचित्र वाटेल पण वार हा शब्द आमच्या तोंडी त्या काळात दोनच अर्थांनी यायचा, एक ती खाली रुजलेली वार आणि एक आठवड्याचा वार, आणि पहिलीने जे धरून ठेवायला हवं होतं ते थोडंफार दुसऱ्याने धरून ठेवलं.

माझ्या एका मित्राने फक्त एक काम घेतलं, बातमी द्यायचं. मी रोज रात्री त्याला दोन ओळी पाठवायचो, तो बाकी सगळ्यांना कळवायचा आणि ज्यांना आणखी विचारायचं असेल त्यांचे फोन तोच घ्यायचा. त्याच्या आधी मी रोज ३०-४० जणांना तेच तेच टाइप करत होतो, आज रक्त गेलं नाही, हो बाळ ठीक, नाही अजून सांगत नाहीत. वाईट दिवशी ते ३०-४० वेळा टाइप करायचं म्हणजे तो दिवस ३०-४० वेळा पुन्हा काढायचा. मित्राने तो भार काढून घेतला त्या रात्री मी बायकोशेजारी बसून नुसता गप्प राहू शकलो. आणि खालच्या मजल्यावरच्या काकू रोज सकाळी एक मेसेज पाठवायच्या, त्याच्या शेवटी न चुकता लिहिलेलं असायचं, उत्तर देऊ नकोस. ते तीन शब्द मी कधी विसरणार नाही.

मुलीचं मात्र सगळ्यात अवघड गेलं आणि तिथे आमच्याही चुका झाल्या. आम्ही तिला पहिले दहा दिवस सांगितलंच नाही, आई कामाला गेलीय म्हणालो. ४ वर्षांच्या पोराला कळत नाही असं आपल्याला वाटतं पण तिला एवढं कळलं होतं की सगळे खोटं बोलतायत. अंथरूण ओलं करायला लागली. व्हिडिओ कॉलवर आई दिसली की तोंड फिरवायची, आई तिकडे रडायची. शेवटी तिथल्या समुपदेशक बाईंनी सांगितलं की खरं सांगा, तिच्या शब्दांत सांगा, आणि तिला जबाबदार धरू नका. आई आजारी नाही, बाळाला जास्त काळजी हवीय म्हणून आई डॉक्टरांजवळ राहतेय, तुझ्यामुळे काही झालेलं नाही. शेवटचं वाक्य मुद्दाम, कारण आईच्या पोटावर उडी मारली म्हणून झालं असं तिने मनात धरलं होतं आणि ते आम्हाला माहीतच नव्हतं. मग बायकोने रोज रात्रीसाठी एक गोष्ट मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवायला सुरुवात केली आणि तीच गोष्ट ऐकत मुलगी झोपायची. चुलतभावाचं हे पहिलंच बाळ आहे त्यामुळे हा प्रश्न त्यांना नाही, पण तुमच्यात ज्यांना कधी पडेल त्यांच्यासाठी लिहून ठेवतो. शाळेतून आणायचं काम माझ्या बहिणीने घेतलं, एकाच माणसाने रोज, ते फार महत्त्वाचं होतं. आज काका, उद्या मावशी, परवा शेजारी असं झालं की पोर आणखी भेदरतं.

आता भेटायला जाल तेव्हाचं. सर्दी, खोकला, ताप, घसा, काहीही असेल तर जाऊ नका, बरं वाटत असलं तरी. अर्धा तास बसा आणि उठा. कॉटवर बसू नका. ती झोपली असेल तर उठवू नका, वस्तू ठेवा आणि निघा, ती नंतर बघेल आणि तिला तेवढंच बरं वाटेल. आणि कृपा करून ऐकीव गोष्टी सांगू नका. अमकीचं असंच झालं होतं आणि मग काय झालं ते सांगू नका, आणि अमकीचं असंच झालं आणि बघ आज मुलगा इंजिनिअर आहे हेही सांगू नका, कारण तिचं बाळ वेगळं आहे आणि तिला ते तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. सगळं चांगलं होणार बघ, टेन्शन घेऊ नकोस, हे तर आम्हाला इतक्या जणांनी सांगितलं की शेवटी शेवटी बायको घाबरली तरी कोणाला सांगेना, मलाही सांगेना, कारण टेन्शन घेतलं म्हणजे बाळाला त्रास होईल असं तिला वाटायला लागलं. घाबरायचीही चोरी झाली. त्यापेक्षा भीती वाटते का विचारा आणि ती बोलली तर ऐका, उत्तर शोधू नका.

एक मात्र अगदी तळमळीने सांगतो. काहीतरी उचललं असेल, जास्त फिरली असेल, ऑफिसला कशाला जात होती, हे कोणीही तिच्यासमोर किंवा तिच्यामागे बोलू नये. वार खाली असते ती जिन्याने चढल्यामुळे नसते, ती जिथे रुजली तिथे रुजली. पाणी लवकर का जातं याचं कारण तर बऱ्याचदा डॉक्टरांनाही सापडत नाही. माझ्या बायकोला एका जवळच्या बाईंनी विचारलं होतं, तू मुलीला उचलून घेत होतीस ना? सहज विचारलं असेल. बायको त्या रात्री दोन वाजेपर्यंत जागी होती, शेवटचं कधी उचललं होतं ते आठवत.

आणि पडून राहा, अजिबात हलू नकोस, हाही सल्ला नको. आधीच्या पिढीत अशा बाईला महिनोन् महिने कॉटवरून खाली उतरू देत नसत, त्यामुळे मोठ्यांना तसं वाटणं मी समजू शकतो. पण नुसतं पडून राहिल्याने बाळंतपण पुढे ढकललं जातं असं अभ्यासांत दिसलेलं नाही, उलट गरोदरपणात पायांत रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका आधीच वाढलेला असतो तो आणखी वाढतो आणि स्नायू आणि हाडं कमजोर होतात. आमच्या डॉक्टरांनी तिला रक्त थांबलेलं असेल त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ कॉरिडॉरमध्ये हळूहळू चालायला सांगितलं होतं आणि पायात घट्ट मोजे दिले होते. ती चालताना दिसली की आपलेच लोक ओरडायचे. तिला किती हलू द्यायचं ते तिचे डॉक्टर ठरवतील, तुम्ही चालताना बघितलंत तर सोबत चार पावलं टाका.

रक्ताचं आधीच बोललो. ज्यांना देता येतं त्यांनी रक्तपेढीत जाऊन द्या, तिचाच गट असायला पाहिजे असं नाही, पेढीत साठा असला की तो कोणाच्या तरी पहाटे तीन वाजता उपयोगी पडतो. बायकोला त्या रात्री ४ पिशव्या लागल्या. त्या कोणाच्या होत्या मला कधीच कळणार नाही. तेव्हापासून मी वर्षातून तीनदा देतो.

आता त्याच्याबद्दल, चुलतभावाबद्दल, कारण त्याच्याकडे कोणी बघणार नाहीये. सगळे विचारतात ती कशी आहे, बाळ कसं आहे. बरोबरच आहे. पण तोही रात्री खुर्चीत झोपतो, सकाळी ऑफिसचा कॉल घेतो, दुपारी रिपोर्ट आणायला धावतो, आणि आत जाताना दारात थांबून चेहरा नीट करतो. मला ४७ दिवसांत तू कसा आहेस असं एकाच माणसाने विचारलं, आमच्या वॉर्डच्या मावशींनी, फरशी पुसता पुसता, आणि मी तिथेच रडलो. २०१० साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, त्यात आधीच्या कितीतरी अभ्यासांचे आकडे एकत्र करून बघितले तर गरोदरपणात आणि बाळ झाल्यावर साधारण १० टक्के बापांमध्ये डिप्रेशन आढळलं. ही सगळ्या बापांची गोष्ट झाली, नुसत्या असे महिनोन् महिने हॉस्पिटलमध्ये काढलेल्यांची नाही. मी पुढे जाऊन डॉक्टरांकडे गेलो, उशीरा गेलो. त्याला तू खंबीर राहा म्हणू नका. तो राहीलच, दुसरं काय करणार आहे. त्याला बाहेर चक्कर मारायला न्या, आणि त्या वेळात दुसरा कोणीतरी तिच्याजवळ बसा.

दोघांना एकत्र वेळही हवा असतो हे कोणाच्या लक्षातच येत नाही. पडद्याच्या पलीकडे दुसरा पेशंट, अलीकडे भेटायला आलेले पाहुणे, मध्ये सिस्टर. नवरा-बायको म्हणून आम्ही कित्येक दिवस बोललोच नाही, फक्त गोळी घेतली का, रिपोर्ट आला का. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला सगळ्यांनी यायचं ठरवलं होतं, आणि बहिणीने सगळ्यांना फोन करून थांबवलं. आम्ही दोघं त्या संध्याकाळी मोबाइलवर जुने फोटो बघत बसलो. कोणी आलं नाही. इतकी चांगली संध्याकाळ पुन्हा आली नाही त्या दीड महिन्यात.

बाळ झाल्यावर तुम्हाला सगळ्यांना अभिनंदन करायचं असेल, जरूर करा, बाळ काचेच्या पेटीत असलं तरी ते जन्मलंय आणि ते दोघं आई-बाप झालेत. पण सुटलात आता, असं म्हणू नका. लवकर आलेल्या बाळाला श्वास, दूध ओढणं, अंग गरम ठेवणं, सगळं बाहेर येऊन शिकायचं असतं, ओढणं गिळणं आणि श्वास घेणं या तिन्हीचा मेळच मुळात ३४ आठवड्यांच्या आसपास बसायला लागतो. तोपर्यंत नळीने दूध. आणि ते दूध आईने दिवसरात्र मिळून आठेक वेळा पंपाने काढायचं, रात्री दोन वाजताही, शेजारी बाळ नसताना. एक दिवस वजन ३० ग्रॅम वाढतं, दुसऱ्या दिवशी २० कमी होतं. बाळ श्वास घ्यायला विसरतं, मशीन ओरडतं, सिस्टर तळव्याला टिचकी मारते, पुन्हा सुरू. हे बघून घरी आलेल्या माणसाला घरी कधी सोडणार असं विचारू नका, ते त्यांनाही माहीत नसतं.

धीर देण्यासारखं खूप आहे आणि ते खरं आहे म्हणून सांगतो. तिला ॲडमिट झाल्यावर लगेच २४ तासांच्या अंतराने दोन इंजेक्शनं दिली ना, ती स्टिरॉइडची, बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून. १९७२ साली न्यूझीलंडमधल्या लिगिन्स आणि हाउई या दोन डॉक्टरांनी ते पहिल्यांदा नीट दाखवून दिलं आणि तेव्हापासून जगभर किती बाळं त्यावर तरली असतील. आणि बाळाला उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून ठेवायची ती कांगारू पद्धत, ती १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटामध्ये सुरू झाली कारण तिथे काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की कमी दिवसांच्या बाळांना जन्मल्यापासून शक्य तितक्या लवकर ती द्यावी. बापालाही देता येते. आमचं बाळ २ किलो १०० ग्रॅमचं, माझ्या छातीवर पहिल्यांदा ठेवलं तेव्हा माझा हात त्याच्या पूर्ण पाठीपेक्षा मोठा होता, आणि समोरच्या स्क्रीनवर त्याचे ठोके माझ्या डोळ्यांसमोर शांत होत गेले. चुलतभावालाही रोज तो तास मिळाला पाहिजे. म्हणून त्या वेळी ऑफिसमधून कोणीही त्याला फोन करायचा नाही, ही त्याच्या साहेबांना माझी हात जोडून विनंती.

जे कोणी बोलत नाही तेही लिहितो. आमच्या शेजारच्या कॉटवरच्या जोडप्याचं बाळ गेलं. २५ वा आठवडा होता. आधी त्यांच्याकडे रोज माणसं यायची. नंतर कोणी आलं नाही, काय बोलावं कळत नव्हतं म्हणून. ती बाई दुसऱ्या दिवशी माझ्या बायकोला म्हणाली, त्याला माझ्यासारखी हनुवटी होती, आणि हे तिला अजून कोणालाच सांगता आलं नव्हतं. आपल्या दोघांवर ही वेळ येऊ नये. पण आली तर पळू नका. तोंडातून शब्द फुटला नाही तरी जा, बाळाचं नाव ठेवलं असेल तर नाव घेऊन बोला, पुढच्या वेळी होईल म्हणू नका. आणि त्यांचे ठरलेले वार तसेच चालू राहू द्या.

बाळ घरी आल्यावरचं एकच सांगतो, वय मोजताना मूळ तारखेपासून मोजा. जे बाळ १० आठवडे आधी आलं ते चार महिन्यांचं झालं तरी वाढीच्या दृष्टीने दीड-पावणेदोन महिन्यांचंच असतं, डॉक्टरही साधारण २ वर्षांचं होईपर्यंत असंच धरतात. अजून मान धरत नाही का, हा प्रश्न दारातच सोडून आत जा.

तर आता काय करायचं. मी आणि बहिणीने एक तक्ता केलाय, १४ आठवडे, सात वार. त्यात आहे रात्री तिच्याजवळ झोपणं, दुपारचे दोन तास, डबा, कपडे, तिच्या आईला ने-आण करणं कारण त्यांचे गुडघे दुखतात, बिलं आणि इन्शुरन्सची कागदपत्रं, त्यांच्या घरातली झाडं, आणि आठवड्यातून एकदा केस धुणं. बातमी द्यायचं काम माझ्याकडे, दोघांना कोणी परस्पर फोन करू नका, रोज रात्री ९ ला मी लिहीन. ज्यांना येणं शक्य नाही त्यांनी रोज सकाळी एक मेसेज पाठवा आणि शेवटी लिहा उत्तर देऊ नकोस. तुम्हाला जे जमेल तेवढंच घ्या, पंधरा दिवसांतून एकदा असलं तरी चालेल, पण घेतलंत तर १३ व्या आठवड्यातही या. अडचण आली तर बदली माणूस बघायला मला सांगा, त्याला नाही.

तक्ता मी सगळ्यांना पाठवतोय. मंगळवारची आणि शुक्रवारची रात्र मी घेतलीय, बुधवारचे चार ते सहा बायकोने घेतलेत, मग आणि बादली तिने आजच काढून ठेवली. बाकीचे वार अजून मोकळे आहेत.